खापर मोबाइलवर कशाला?

प्रेम तुटतंय ते मोबाइलमुळे, हे लेखातलं म्हणणं पटलं नाही. आमच्या मालवणातली एक जोडी बघा. तो ट्रॉलरवर, ती मुंबईत नोकरीला. बोट खोल समुद्रात गेली की रेंज जाते. हिला वाटतं, टाळतोय. हा किनाऱ्याला लागला की आधी आंघोळ, इस्त्रीचा शर्ट, मगच व्हिडिओ कॉल. अरे, मासळीचा वास फोनमधून जातो का? पण ‘तिच्या हापिसातली काय म्हणतली?’ हे डोक्यातून हटत नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेव्हा जावं ना मुंबईला! तर खिशात पैसे नाहीत म्हणून जात नाही. घरच्यांचा विरोध म्हणाल तर तोही नाही. चतुर्थीला ती येतेय. त्याची आई म्हणते, तुम्हीच समजवा. मी काय समजावणार, कप्पाळ!