पाकिटात किती घालू?

लग्नाला जाण्यात तसं अवघड काही नाही. कपडे इस्त्री करून मिळतात, द्वारका चौकात अडकलेली गाडी कधी ना कधी सुटते, अक्षता कुणीतरी मुठीत कोंबतं आणि जेवणाच्या रांगेला शिकवणी लावावी लागत नाही. अवघड असतं ते घरातून निघण्याआधीचं. रुपया चिकटवलेलं पाकीट एका हातात, पेन दुसऱ्या हातात, आणि आतल्या खोलीकडे तोंड करून विचारायचं, "आई, किती घालू?"

"तुला काय वाटतं?"

"पाचशे एक?"

"छे!"

"मग हजार एक."

"एवढे कशाला?"

"सातशे एक?"

"सातशे कोण देतं!"

शेवटी आकडा पाचशे एकवरच येतो. सोबत एक ब्लाउजपीस जातो आणि मघाशी चुकीचे असलेले पाचशे एक तेवढ्याने बरोबर होतात.

गोदावरीच्या पुराचं बरं आहे. पाणी पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कुठवर चढलं एवढं सांगितलं की अख्ख्या नाशिकला कळतं, आता कुणी काय आवरायचं ते. आहेराला असा मारुती नाही. आमच्याकडे फक्त आई आहे.

आणि आईकडे वही आहे. लांबट, लाल कापडी बांधणीची. घरातल्या प्रत्येक लग्नामुंजीत आलेला आणि इथून गेलेला आहेर तिच्यात उतरवलेला आहे. माझं सगळं आयुष्य हिशेब तपासण्यात गेलं. एवढी आकडेवारी समोर असताना सूत्र सापडत नाही म्हणजे काय, म्हणून एका रविवारी मी ती वही घेऊन बसलो. पहिला अंदाज होता, आलेल्याच्या दीडपट. पंचवटीच्या काकांपर्यंत तो छान चालला आणि सिन्नरच्या मावशीपाशी कोसळला. तिकडून आले एकवीस रुपये, इकडून गेलं झाकणाचं पितळी पातेलं. मग वाटलं, नात्याच्या जवळिकीवर असेल. पण सख्ख्या चुलतभावाला टॉवेल-टोपी आणि जुन्या वाड्यातल्या शेजारणीला मेन रोडवरून खास आणलेली साडी!

"ही साडी कशी?" मी विचारलं.

"तुझ्या मुंजीला नळ गेले होते. त्यांनी पहाटे उठून पाणी भरलं."

"वहीत नाही ते."

"वहीत कशाला लिहायचं?"

हिशेब तपासणाऱ्याला यापेक्षा मोठी शिवी देता येणार नाही.

उन्हाळ्यात भाचा पुण्याहून आला. तो मानसशास्त्र शिकतो, त्यामुळे घरातल्या सगळ्यांकडे जरा सहानुभूतीने बघतो. माझी तक्रार ऐकून म्हणाला, "मामा, याचा खेळच आहे." रॉबर्ट अॅबट नावाच्या अमेरिकन माणसाने १९५६ साली एल्युसिस नावाचा पत्त्यांचा खेळ काढला. पुढे मार्टिन गार्डनर यांनी १९५९ मध्ये सायंटिफिक अमेरिकनमधल्या सदरात त्यावर लिहिलं आणि तो पसरला. पानं वाटणारा मनात एक नियम धरतो आणि तो कुणालाही सांगत नाही. बाकीच्यांनी एकेक पान टाकायचं. नियमात बसलं तर ते ओळीत लागतं, नाही बसलं तर ओळीखाली. तेवढ्यावरून नियम ओळखायचा. नाव ग्रीसमधल्या एल्युसिस गावावरून आलंय. तिथे प्राचीन काळी गुप्त विधी चालत, आणि दीक्षा घेतलेल्याने आत काय झालं ते बाहेर बोलायचं नसे. आईने ग्रीस पाहिलेलं नाही, पण दीक्षा झालेली असावी.

पानं वाटायला तिलाच बसवलं. सत्तीवर अठ्ठी चालली, दश्शी चालली. एक्का "छे!", सत्तीवर सत्ती "छे!". राजावर दुर्री चालली. भाच्याने कागदावर तक्ता मांडला. १९७७ साली आलेल्या सुधारित खेळात, ज्याला नियम सापडला असं वाटेल त्याने तसं जाहीर करून वाटणाऱ्याच्या जागी निवाडा द्यायचा असतो. चुकला की पदावरून खाली. आमच्या भावजींना ही सोय फारच आवडली. त्यांनी दुसऱ्याच फेरीत साक्षात्कार झाल्याचं जाहीर केलं आणि तिसऱ्या पानाला ते सामान्य माणूस झाले.

तासाभराने सगळे शरण गेले. आई म्हणाली, "सोपं तर आहे. आलेल्यापेक्षा मोठं पान द्यायचं, पण तीनपर्यंतच. फार मोठं दिलं की समोरच्याला परत करायला जड जातं. तेवढंच दिलं तर हिशेब मिटवल्यासारखं दिसतं."

"आणि राजावर दुर्री?"

"चित्रं म्हणजे मोठी माणसं. त्यांच्याकडे काहीही दिलं तरी चालतं, ती कुठे मोजत बसतात?"

"आणि राणीवर राणीला छे का म्हणालीस?"

"एका घरात दोन राण्या?"

"आजी, हे तीन नियम झाले!"

"एकच आहे. रीत."

भाच्याचं म्हणणं, मूळ खेळात गुणच असे ठेवलेत की नियम फार सोपा केला किंवा कुणालाच सापडू नये असा केला, तर वाटणाऱ्याचंच नुकसान होतं. आमच्या घरात ही गुणपद्धती लागू करायचं धाडस आजोबांनाही झालं नसतं.

मग त्याने माझी परीक्षा घेतली. "२, ४, ६ हे नियमात बसतं. नियम शोध." मी ८, १०, १२ विचारलं, तो "हो" म्हणाला. २०, २२, २४? "हो." मी ऐटीत सांगितलं, दोन-दोनने वाढतात. "नाही." नियम एवढाच होता की आकडे चढते हवेत, १, ५, ९०० सुद्धा चाललं असतं. पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञाने १९६० मध्ये लंडनमधल्या विद्यार्थ्यांवरचा हा प्रयोग मांडला तेव्हा २९ जणांपैकी सहाजणांनाच पहिल्या फटक्यात नियम सांगता आला होता. उरलेले माझे भाऊबंद. माणूस आपल्या अंदाजाला "हो" मिळेल असंच विचारत राहतो, ६, ४, २ विचारायचं त्याला सुचत नाही.

"मामा, आजीलाही तू बरोबर वाटेल तेच विचारतोस. धडधडीत चुकीचं विचारून बघ."

लंडनमधल्या विद्यार्थ्यांना हे ठीक आहे. त्यांना रात्री त्याच घरात जेवायचं नव्हतं. तरीही शास्त्रासाठी मी पुढच्या लग्नाला निघताना म्हणालो, "आई, नुसता नारळ नेतो."

भाचा वही उघडून तयार होता. आईने थोडा विचार केला.

"चालेल. त्यांच्याकडे नारळच चालतो."

भाच्याने पेन खाली ठेवलं.

मला तर वाटतं, या खेळात आमच्यावर आणखी एक अन्याय आहे. पत्त्यांमध्ये वाटणारा एक असतो. औरंगाबाद रोडवरच्या लॉनमध्ये दाराशी टेबल टाकून आहेर लिहायला बसलेला माणूस मी पाहतो, तेव्हा कळतं की त्या घरीही अशीच एक वही आहे, आत कुणाची तरी आई आहे आणि तिची रीत वेगळी आहे. आपण पान एकीच्या नियमाने टाकायचं आणि निवाडा दुसरी देणार.

परवाच्या पत्रिकेने मात्र मला मोकळं केलं. तळाशी ठळक अक्षरांत छापलं होतं, 'कृपया आहेर आणू नये'. एकदाचा कुणीतरी नियम लेखी दिला होता. मी पत्रिका आईसमोर धरली आणि गाडीची किल्ली उचलली.

तिने चष्मा लावून ती ओळ वाचली.

"हे आपल्याला नाही लिहिलेलं," ती म्हणाली. "कपाटातून पाकीट आण."

"किती घालू?"

"तुला काय वाटतं?"