वल्हांडण आणि दाराची चौकट : खुलासा

"वल्हांडणाच्या रात्री चौकटीला कोकराचं रक्त किंवा लाल रंग लावा, नाहीतर घरावर अरिष्ट येईल," असा मेसेज ख्रिस्ती ग्रुपवर फिरतोय. तो चुकीचा आहे. (वल्हांडण म्हणजे इस्राएली लोक मिसरातून, म्हणजे इजिप्तमधून, सुटले त्या रात्रीच्या आठवणीचा सण.)

बायबलमधल्या निर्गम पुस्तकाचा 12 वा अध्याय नीट वाचा. एक वर्षाचं निर्दोष कोकरू दहाव्या दिवशी निवडायचं, चौदाव्याच्या संध्याकाळी कापायचं, एजोब नावाच्या झुडपाच्या जुडीने रक्त दाराच्या दोन्ही बाह्यांना आणि कपाळपट्टीला लावायचं. हे मिसरातून सुटकेच्या त्या रात्रीचं. पुढे बायबलच्याच अनुवाद पुस्तकाच्या 16 व्या अध्यायात आपापल्या गावात हा यज्ञ करायलाच मनाई केली आहे.

आपल्या ख्रिस्ती लोकांसाठी 1 करिंथ 5:7-8 (प्रेषित पौलाचं करिंथकरांना पहिलं पत्र) पुरेसं स्पष्ट आहे: ख्रिस्त हाच वल्हांडणाचा कोकरा, आणि त्याचं अर्पण होऊन गेलंय. पौल काढून टाकायला सांगतो ते वाईटपणाचं खमीर (पीठ आंबवणारं विरजण). रंगाचा तिथे उल्लेखही नाही. या मेसेजने वयस्कर माणसं खरंच घाबरतात. कृपया तो पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.