दोनदा गिअरबॉक्स उतरवला, एका बेरिंगपायी

दोन महिन्यात दोनदा माझ्या गाडीचा गिअरबॉक्स खाली उतरला, दोन्ही वेळची मजुरी माझ्याच खिशातून गेली, आणि खराब काय होतं तर मुठीत मावेल एवढं क्लचचं रिलीज बेरिंग, पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं, जे गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय हाती लागत नाही. संताप होतोय नुसता.

मार्चमध्ये जळगावात अजिंठा चौफुलीच्या सिग्नलला उभा होतो, क्लच दाबून फर्स्ट टाकलेला, आणि खालून किर्रर्र आवाज सुरू, जसा दळणात खडा आल्यावर चक्कीतून येतो तसा. पाय सोडला की बंद, दाबला की परत चालू. गॅरेजला जाऊन हेच सांगितलं, एकदा नाही दोनदा सांगितलं, की भाऊ, क्लच दाबल्यावरच येतो, एरवी नाही. तर हा माणूस गाडीत बसलाच नाही! बोनेट उघडलं, पोऱ्याला रेस द्यायला लावली, कान लावला आणि म्हणे "गिअरबॉक्सचं बेरिंग गेलं दादा, खोलावं लागेल."

अरे, गिअरबॉक्सचं असतं तर बरोबर उलटं झालं असतं ना! गाडी न्यूट्रलला, इंजिन चालू आणि पाय क्लचवरून काढलेला, तेव्हा इंजिनसोबत गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट, म्हणजे इंजिनचं फिरणं आत घेणारा दांडा, फिरत असतो, त्याचं बेरिंग वाजत असेल तर तेव्हा वाजतं आणि क्लच पूर्ण दाबला की शाफ्ट थांबतो, आवाजही थांबतो. रिलीज बेरिंगचं काम पेडल दाबल्यावर. पेडलनं हलणारा फोर्क, म्हणजे फाट्याचा दांडा, त्याला ढकलतो, ते क्लच प्लेटला दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटच्या मधल्या पट्ट्यांवर जाऊन टेकतं आणि इंजिनच्या स्पीडनं फिरत राहतं, सगळा दाब अंगावर घेऊन. झिजलं की पाय दाबल्यावर ओरडणारच. काही गाड्यांत ते कायम हलकं टेकलेलं असतं, तिथं पाय वर असतानाही थोडी खुळखुळ येते आणि पेडलला पाय नुसता लावला की जाते, मान्य. पण दाबल्यावर किरकिर वाढत असेल तर पहिला संशय त्याच्यावरच पाहिजे. हँडब्रेक ओढा, न्यूट्रल करा, पेडल चार वेळा खालीवर करा आणि ऐका, एक मिनिट लागतं, एक मिनिट! तेवढं नाही झालं त्याच्याकडून.

बरं, खोललं. गिअरबॉक्सचं चांगलं बेरिंग बदललं, "आता खोललंच आहे तर" म्हणून क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेट पण नवी टाकली. प्लेट गेली असती तर चौथ्या गिअरला अॅक्सिलरेटर दाबल्यावर इंजिन नुसतं रडलं असतं आणि गाडी पळाली नसती, तसलं काही होत नव्हतं, तरी टाकली. आणि रिलीज बेरिंग जुनंच परत बसवलं!! गिअरबॉक्स जमिनीवर, बेरिंग डोळ्यासमोर, 1100 रुपयाची वस्तू, आणि जुनं बसवलं. मला विचारलं पण नाही.

मे महिन्यात मामाच्या घरी साखरपुड्याला धुळ्याला निघालो, आई मागच्या सीटवर, बाहेर ऊन असं की खिडकीची काच हाताला चटका देते. पारोळ्याच्या आधीच आवाज सुरू, पेडल पायाखाली थरथरायला लागलं, आणि एका ढाब्यावर गाडी मागं घ्यायला गेलो तर रिव्हर्स पडेना, नुसतं खर्रर्र, कारण क्लच पूर्ण सुटतच नव्हता. आईला तशा उन्हात एसटीनं पुढं पाठवावं लागलं, तिचे पाय आधीच दुखतात. ते मी विसरणार नाही.

तिथल्या एका म्हाताऱ्या मिस्तरींनी गाडीत बसून तीनदा पेडल दाबलं आणि सांगितलं, "रिलीज बेरिंग आहे भाऊ, दुसरं काही नाही." दुसऱ्या दिवशी उतरवून माझ्या तळहातावर ठेवलं. बोटानं फिरवलं तर आत वाळू भरल्यासारखं खरखर लागत होतं, तोंडाकडची कड तापून निळी पडलेली, आत ग्रीसचा थेंब नाही. परत मजुरी साडेचार हजार.

आणि आपल्याकडं ड्रायव्हिंग शिकवणारे! मला शिकवणाऱ्यानं पहिल्या दिवसापासून सांगितलं, सिग्नलला क्लच दाबून गिअरमध्येच थांबायचं, पाय पेडलवरच ठेवायचा. नऊ वर्षं तसंच चालवली. तेवढा वेळ ते बेरिंग दाबाखाली फिरत राहतं आणि झिजतं, हे मला मिस्तरींनी सांगितलं, शिकवणाऱ्यानं नाही, त्यानं फी मात्र पूर्ण घेतली.

काल ते जुनं बेरिंग घेऊन पहिल्या गॅरेजला गेलो. म्हणे "तेव्हा चांगलं होतं दादा, आम्ही पेट्रोलनं धुवून ग्रीस मारून बसवलं होतं." धुतलं?? ते सील बंद असतं, पेट्रोल आत शिरलं की कंपनीनं भरलेलं ग्रीस पातळ होऊन निघून जातं, आणि वरून चोपडलेलं ग्रीस आत जात नाही! म्हणजे जे थोडं चाललं असतं तेही यानंच मारलं, आणि हे तो अभिमानानं सांगून राहिला. वर म्हणे, शांत व्हा, चहा घ्या.

चहा नको मला. माझे साडेचार हजार दे.