"काउन्सिलशी सेटिंग" म्हणणाऱ्या एक स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

रिव्ह्यू वाचला. घराच्या एक्स्टेंशनचं काम आर्किऑलॉजीच्या तपासणीत रखडलं, बिल्डर खोळंबला, तुम्हाला आणि वहिनींना मनस्ताप झाला त्याबद्दल खरंच सॉरी.

पण तुम्ही जे लिहिलंय की "काउन्सिलने यांचंच नाव पुढे केलं, लिस्टमध्ये सगळ्यात वर हेच, आतून सेटिंग असणार", ते फार लागलं. इंग्लंडमधली आपली मराठी माणसं असे रिव्ह्यू बघूनच फोन करतात आणि आमची आर्किऑलॉजीची, म्हणजे खोदकामात जुने अवशेष निघतात का ते बघणारी, कंपनी म्हणजे मोजून चार जण, मोठ्या कंपन्यांसारखं आमचं नाही.

सर, काउन्सिलने आम्हाला रेकमेंड केलेलं नाही, ते कुणालाच करत नाहीत. काउंटीचे जे आर्किऑलॉजी अ‍ॅडव्हायजर आहेत तेच आमचा डब्ल्यूएसआय म्हणजे कामाचा लेखी आराखडा तपासतात, तेच साइटवर येऊन बघतात, रिपोर्ट बरोबर आहे की नाही तेही तेच सांगतात, आणि मग डिस्ट्रिक्टचे प्लॅनिंगवाले तुमची कंडिशन, म्हणजे बांधकामाच्या परवानगीतली आर्किऑलॉजीची अट, मोकळी करतात. आता ज्याने पेपर तपासायचा त्यानेच क्लास सुचवला तर कसं चालेल? म्हणून ते नुसती लिस्ट पाठवतात. काही काउंट्या स्वतःची लिस्ट ठेवतात, काही सरळ सीआयएफए या आर्किऑलॉजिस्टांच्या व्यावसायिक संस्थेच्या रजिस्टर्ड कंपन्यांच्या डिरेक्टरीकडे बोट दाखवतात. तुम्हाला आलेल्या लिस्टच्या खाली स्पष्ट लिहिलंय की ही शिफारस नाही, कोट स्वतः मागवा. आणि ती लिस्ट एबीसीडीप्रमाणे आहे हो! आमचं नाव ए वरून सुरू होतं कारण ते माझ्या आजीचं नाव आहे, तेव्हा लिस्ट कुणाच्या डोक्यातही नव्हती.

पैसे देऊन नाव घातलं म्हणालात. काउन्सिलला आम्ही त्यासाठी एक पेनी दिलेली नाही. फी भरतो ती सीआयएफएला, आणि नुसती फी भरून भागत नाही, त्यांचं पॅनेल येऊन जुने रिपोर्ट, साइट, स्टाफचे पगार, सेफ्टी सगळं उलटंपालटं करून बघतं. या संस्थेला २०१४ साली रॉयल चार्टर मिळालाय, गल्लीतलं मंडळ नाहीये ते.

आणि कोट तुम्ही तिघांकडून घेतलेत, आमचा सगळ्यात कमी होता म्हणून आम्हाला बोलावलंत, हे रिव्ह्यूत कुठेच नाही. मालकाने स्वतःच्या खिशातून हा खर्च करायचा हेही आम्ही काढलेलं नाही सर, १९९० च्या पीपीजी१६ या सरकारी प्लॅनिंग पॉलिसीपासून इथे तसंच चालतं, आता ती पॉलिसी जाऊन एनपीपीएफ आलं तरी तेच.

उशिराचं सांगते. आराखड्यात लिहिलं होतं की जेसीबीला दात नसलेली सपाट बकेट लावायची, कारण दातांनी माती उकरली की जुन्या खड्ड्यांच्या कडा दिसतच नाहीत. मेलमध्ये पण सांगितलं होतं. तुमचे बिल्डर दातांचीच बकेट घेऊन आले, दुसरी भाड्याने आणेपर्यंत दुपार झाली आणि आमच्या टीममधला मुलगा तोवर पावसात उभा होता, त्या वेळेचे पैसे आम्ही लावलेले नाहीत. (वहिनींनी त्याला चहा-पोहे दिले, तो अजून आठवण काढतो.)

"काहीच सापडलं नाही तरी बिल लावलं" याला काय बोलू. लेस्टरच्या कार पार्कखाली २०१२ मध्ये राजा तिसऱ्या रिचर्डचा सांगाडा सापडला तेव्हापासून सगळ्यांना वाटतं आपल्याही किचनखाली कोणीतरी असेल. काही नाही सापडलं हीसुद्धा नोंदच असते, ती काउंटीच्या एचईआरमध्ये, म्हणजे जुन्या अवशेषांच्या रेकॉर्डमध्ये, जाते, शेजाऱ्याने उद्या बांधकाम काढलं तर तीच बघतील.

यापुढे कोटसोबत लिस्टचं आणि बकेटचं सोप्या भाषेत लिहून देऊ, आणखीही काही सुधारणा चालू आहेत. स्टार एकच ठेवा हवं तर, पण सेटिंगची ओळ तेवढी काढा, अ‍ॅडव्हायजर बाईंचंही नाव त्यात विनाकारण खराब होतंय. रिपोर्टची पीडीएफ परत पाठवलीये, स्पॅममध्ये बघा, आणि कंडिशन मोकळी करायचा अर्ज तुम्हालाच भरायचाय, तो अजून गेलेला दिसत नाही.