पोरगा द्या, म्हातारा आणा!

टोरांटोजवळ राहायला आलात, मिसिसागात किंवा ब्रॅम्प्टनमध्ये घर घेतलंत, बर्फ उपसायचं फावडंही आणलंत. तरी तुम्ही अजून परकेच. इथले व्हायचं असेल तर मेपल लीफ्स या टोरांटोच्या हॉकी संघातल्या विशीतल्या एखाद्या पोराला विकून टाकावं की नाही, यावर तुमचं ठाम मत हवं. पोराला खेळताना पाहिलेलं असण्याची गरज नाही. आपली ध्यानचंदांची हॉकी तेवढी बाजूला ठेवा. इथली हॉकी बर्फावरची, आणि तिचा खरा मोसम सुरू होतो तो खेळाडूंच्या बाजारात.

मुहूर्त फेब्रुवारी अखेरीचा धरा. लीफ्स खेळतात त्या नॅशनल हॉकी लीगमध्ये अदलाबदलीची मुदत साधारण मार्चच्या पहिल्या आठवड्यात संपते. तोवर संघांना आपापसांत खेळाडूंचे सौदे करता येतात आणि पोराला विचारायची पद्धत नाही. सकाळी सराव करून घरी गेलेल्याला संध्याकाळी कळतं की आपण आता दुसऱ्या शहराचे. मुरलेल्या खेळाडूंच्या करारात नकाराचा हक्क असू शकतो, पहिल्या करारावरच्या पोरांना तो नसतो. त्यामुळे सगळ्यांची नजर पोरांवर, हे ओघानेच आलं.

आता बाजू निवडा. कुठलीही निवडा, पण निवडल्यावर डगमगू नका.

म्हाताऱ्यांची बाजू घेतलीत, तर आधी एवढं समजून घ्या की इथे म्हातारा म्हणजे एकतिशीचा माणूस. साठीतही स्वतःला तरुण म्हणवून घेणारे काका हा शब्द बेधडक वापरतात, तुम्हीही वापरा. ‘अनुभव’, ‘ग्रिट’, ‘ड्रेसिंग रूममधलं नेतृत्व’ हे शब्द तोंडपाठ करा. त्यांचा फायदा असा की यातलं काहीच मोजता येत नाही. आणि हुकमाचा एक्का म्हणून १९६७ काढा. लीफ्सनी शेवटचा स्टॅनले कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकला तो १९६७ साली, आणि जिंकला तो म्हाताऱ्यांच्या जोरावर. गोलकीपर जॉनी बॉवर ४२ वर्षांचा, त्याचा जोडीदार टेरी सॉचक ३७ चा, ॲलन स्टॅनली ४१ चा, रेड केली ३९ चा. ज्याच्या नावाच्या कॉफीच्या दुकानात बसून तुम्ही हा वाद घालत असाल, तो टिम हॉर्टनही त्याच संघात, वय ३७. एवढं बोलून कॉफीचा कप उंचावून दाखवा. समोरचा गार पडतो.

नाही पडला, तर तो म्हणेल की पुढच्याच वर्षी, मार्च १९६८ मध्ये, प्रशिक्षक पंच इमलॅकने डेट्रॉइटशी मोठा सौदा केला. त्यात ३२ वर्षांचा नॉर्म उल्मन आला आणि इतरांबरोबर २० वर्षांचा गॅरी उंगर गेला. उंगर पुढे सलग ९१४ सामने खेळला आणि लीफ्सना तेव्हापासून कप दिसलेला नाही. यावर उत्तर देऊ नका. मागे रेलून “तो काळच वेगळा होता” म्हणा. हे वाक्य १९६७ बद्दल बोलताना मात्र वापरायचं नाही.

पोरांची बाजू घेणं जास्त सोयीचं, कारण पोराने अजून काहीच केलेलं नसतं. त्याच्याबद्दल बोलायचं ते स्थळ सांगून आल्यासारखं: मुलगा होतकरू आहे, हात सफाईदार आहेत, उंची आणखी दोन इंच वाढेल, स्वीडनमधल्या मुलांच्या लीगमध्ये चांगलं नाव आहे. वैगुण्य निघालं तर “वय लहान आहे” म्हणून मोकळं व्हायचं. जोडीला उदाहरण म्हणून टॉम कर्व्हर्सचं नाव टाका. १९८९ च्या ऑक्टोबरमध्ये लीफ्सनी न्यू जर्सीकडून हा बचावपटू आणला आणि बदल्यात १९९१ च्या ड्राफ्टमधली, म्हणजे संघ आळीपाळीने नवी पोरं निवडतात त्यातली, पहिल्या फेरीची निवड देऊन टाकली. त्या निवडीवर न्यू जर्सीने स्कॉट नीडरमायरला घेतलं. नीडरमायरने पुढे चार स्टॅनले कप जिंकले. सौदा झाला तेव्हा तो १६ वर्षांचा होता आणि टोरांटोत त्याचं नाव कुणाच्या गावी नव्हतं. तरीसुद्धा “मला तेव्हाच शंका आली होती” असं सांगायला हरकत नाही. तपासणार कोण?

फक्त एक पथ्य पाळा. कॅल्गरीचा विषय काढू नका आणि दुसऱ्याने काढला तर लगेच हवामानावर या. कारण कॅल्गरीने दोन्ही प्रयोग करून पाहिलेत. मार्च १९८८ मध्ये त्यांनी २३ वर्षांचा ब्रेट हल सेंट लुईसला दिला आणि बचावासाठी रॉब रॅमेज आणि गोलकीपर रिक वॉम्सली हे दोन अनुभवी गडी घेतले. हलने १९९०-९१ च्या एका मोसमात ८६ गोल केले. झालं, पोरवाले टेबल बडवतात. पण १९८९ ला कॅल्गरीने स्टॅनले कप जिंकला. त्यांचा आजवरचा एकमेव. आता म्हातारेवाले बडवतात.

थांबा, अजून आहे. १९९५ च्या डिसेंबरात कॅल्गरीने उलटं केलं. १९८९ च्या विजेत्या संघातला जो न्यूएनडाइक डॅलसला दिला आणि बदल्यात जे घेतलं, त्यात १८ वर्षांचा जरोम इगिन्ला होता. इगिन्लाने कारकिर्दीत ६२५ गोल केले, कॅल्गरीचा कर्णधार झाला, २०२० मध्ये हॉकीच्या हॉल ऑफ फेममध्ये निवडला गेला. एवढा शहाणा सौदा शोधून सापडणार नाही. पण कप? २००४ साली अंतिम फेरीचा निर्णायक सातवा सामना हरले, आणि इगिन्ला शेवटपर्यंत कपाविनाच राहिला. तिकडे डॅलसने १९९९ चा कप जिंकला, प्लेऑफचा, म्हणजे कपासाठीच्या बाद फेऱ्यांचा, सर्वोत्तम खेळाडू ठरला न्यूएनडाइक आणि कप जिंकून देणारा गोल कोणी केला, तर ब्रेट हलने! म्हणजे कॅल्गरीने एकदा पोरगं विकलं, एकदा म्हातारा विकला, आणि दोघे तिसऱ्याच गावात एकत्र जिंकले. असलं काही ऐकल्यावर माणूस वाद घालणं सोडून देईल. म्हणून तर म्हटलं, विषय काढू नका.

वॉशिंग्टनचं उदाहरण दिसायला जास्त सोपं आहे. एप्रिल २०१३ मध्ये त्यांनी १८ वर्षांचा फिलिप फोर्सबर्ग नॅशव्हिलला देऊन ३१ वर्षांचा मार्टिन एरट आणला. मायकल लट्टा नावाचा आणखी एक जण आला, पण त्याला कुणी मोजत नाही. एरटने वॉशिंग्टनसाठी ६२ सामन्यांत दोन गोल केले आणि वर्षभरात तोही गेला. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं. फोर्सबर्ग नॅशव्हिलच्या इतिहासात सर्वाधिक गोल करणारा खेळाडू झाला. सांगून झाल्यावर इथेच थांबा. वॉशिंग्टनने २०१८ मध्ये कप जिंकला आणि नॅशव्हिलने अजून एकदाही नाही, हे तुम्ही सांगायचं कारण नाही.

पैशाचा विषय निघेलच. २००५ पासून लीगमध्ये संघाच्या एकूण पगाराला मर्यादा आहे. २०२५-२६ मध्ये ती ९ कोटी ५५ लाख डॉलर होती. पहिल्या करारावरचा पोरगा या हिशेबात स्वस्त पडतो. नामवंत तिशीवाला त्याच्या सात-आठ पट खातो. जुना संघ त्याच्या पगाराचा निम्म्यापर्यंतचा भार उचलू शकतो, पण फुकट कोण उचलतं? त्याबदल्यात आणखी एखादी ड्राफ्टमधली निवड मागतात. तुम्ही स्वतःचा सौदा सुचवताना हा हिशेब करू नका, मजा जाते. दुसऱ्याने सुचवला की चष्मा सारखा करून “पगार कसा बसवणार?” एवढंच विचारा. आणि आवळा देऊन कोहळा काढण्याची हौस आवरू नका. आपला तिसऱ्या दर्जाचा पोरगा आणि चौथ्या फेरीची निवड यांच्या बदल्यात एडमंटन आपल्याला लीगमधला अव्वल खेळाडू कॉनर मॅकडेव्हिड का देत नाही, याचं दुःख टोरांटोत मनापासून केलं जातं.

ताजं उदाहरण हवं असेल तर ७ मार्च २०२५ घ्या. त्या दिवशी लीफ्सनी २० वर्षांचा फ्रेझर मिंटन, २०२६ ची पहिल्या फेरीची निवड आणि वर एक चौथ्या फेरीची, असं सगळं बॉस्टनला देऊन २८ वर्षांचा बचावपटू ब्रँडन कार्लो आणला. फिलाडेल्फियाकडून स्कॉट लॉटन आणला, तिथेही निकिता ग्रेबेन्किन हा पोरगा आणि २०२७ ची पहिली निवड गेली. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. त्याच दिवशी बॉस्टनने आपला कर्णधार ब्रॅड मार्शाँ फ्लोरिडाला दिला. नुसत्या एका निवडीवर, पोरगा वगैरे काही नाही. मे महिन्यात प्लेऑफमध्ये लीफ्स आणि फ्लोरिडा समोरासमोर आले. तिसरा सामना जादा वेळेत मार्शाँने जिंकून दिला. सातव्या सामन्यात टोरांटोच्या घरात फ्लोरिडाने ६-१ असं धुतलं आणि पुढे कपही नेला. तेव्हा मार्शाँ ३७ वर्षांचा होता. म्हातारेवाले म्हणाले, बघा, म्हातारा लागतोच! पोरवाले म्हणाले, बघा, पोरं उधळून काय मिळालं! दोघेही समाधानाने घरी गेले. हरले ते फक्त लीफ्स.

सौदा झाल्यावरचं वागणं जास्त महत्त्वाचं. गेलेल्या पोराच्या नावाची जर्सी लगेच टाकून देऊ नका, कपाटात ठेवा. त्याने नव्या संघाकडून पहिला गोल केला की बाहेर काढून घाला आणि दिवसभर गप्प राहा, लोक आपणहून विचारतील. आलेल्या म्हाताऱ्याला तीन सामने मोकळे सोडा. चौथ्यात त्याचे पाय जड दिसायला लागतात, ते सर्वांत आधी तुम्हाला दिसले पाहिजेत. गुडघ्याची जुनी दुखापत तुम्ही फेब्रुवारीतच बोलून दाखवली होती, असं बायकोला साक्षीला ठेवून सांगा.

जूनमध्ये नवा ड्राफ्ट होतो. अठरा वर्षांचं एखादं पोरगं लीफ्सची जर्सी घालून व्यासपीठावर उभं राहील, आईवडील रडत असतील, कॅमेरा त्यांच्यावर जाईल. त्याचं आडनाव तुम्हाला अजून धड उच्चारता येत नसेल, तरी हरकत नाही. त्याच्या बदल्यात कोण कोण मिळू शकेल, त्याची यादी करायला घ्या.