२०४८ साली अंटार्क्टिकाचं कुलूप उघडत नाही

दर दोन-तीन महिन्यांनी हा मजकूर कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर येतोच. वर निळ्या हिमनगाचा फोटो, खाली तेलविहिरीचं चित्र चिकटवलेलं. म्हणणं थोडक्यात असं: अंटार्क्टिकाचा आंतरराष्ट्रीय करार २०४८ मध्ये संपतो, मग खाणकामावरची बंदी उठेल, रशियाला तिथे अफाट तेल सापडलेलंच आहे, तेव्हा भारताने आपला तुकडा आत्ताच राखून ठेवावा. परवा आमच्या काकांनी तो ‘जय हिंद’ लिहून पुढे पाठवला. काकांशी वाद घालणं जिवावर येतं, आणि उत्तर ग्रुपवर मावणारं नाही. म्हणून इथे.

‘करार २०४८ मध्ये संपतो’

करार म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर अकरा महिन्यांचा भाडेकरार येतो. मुदत संपली, नूतनीकरण करा नाहीतर घर खाली करा. अंटार्क्टिक करार तसा नाही. १२ देशांनी तो १ डिसेंबर १९५९ रोजी वॉशिंग्टनमध्ये केला, २३ जून १९६१ पासून तो लागू आहे आणि त्यात शेवटची तारीखच नाही. ३० वर्षांनंतर एखाद्या देशाला वाटलं तर फेरविचाराची परिषद मागता येईल, एवढीच सोय होती. ती वेळ १९९१ मध्ये आली. कुणीही परिषद मागितली नाही. करार चालू राहिला.

२०४८ हा आकडा दुसऱ्याच कागदातला आहे. मूळ कराराला पर्यावरण संरक्षणासाठी एक प्रोटोकॉल जोडला गेला, माद्रिदमध्ये, ४ ऑक्टोबर १९९१ रोजी. तो लागू झाला १४ जानेवारी १९९८ ला. त्याच्या कलम ७ ने वैज्ञानिक संशोधन सोडून खनिजांशी संबंधित प्रत्येक कामाला मनाई केली. आणि कलम २५ म्हणतं की लागू झाल्यापासून ५० वर्षं उलटली की मताधिकार असलेला कुठलाही देश फेरविचाराची परिषद मागू शकतो. १९९८ मध्ये ५० मिळवले की २०४८. ‘मागू शकतो’चं ‘संपतो’ कधी झालं, कुणास ठाऊक.

‘मग बंदी आपोआप उठेल’

खरी मेख इथे आहे, म्हणून जरा सावकाश.

समजा २०४८ मध्ये कुणी परिषद मागितली. तिथे बदल मंजूर व्हायचा तर सदस्य देशांचं बहुमत हवं, आणि त्यात १९९१ मध्ये मताधिकार असलेल्या २६ देशांपैकी तीनचतुर्थांश, म्हणजे किमान २० असले पाहिजेत. हे झालं नुसतं मंजूर होणं. बदल लागू व्हायला आज मताधिकार असलेल्या २९ देशांपैकी तीनचतुर्थांश देशांनी आपापल्या घरी त्यावर शिक्कामोर्तब करायचं, आणि त्यात ते जुने २६ एकूण एक हवेत. सामाईक जमीन विकताना एक चुलतभाऊ सहीला आला नाही की काय होतं, हे गावाकडे कुणालाही विचारा. इथे चुलतभाऊ २६ आहेत. त्यांत अर्जेंटिना आहे आणि ब्रिटनही आहे, रशिया आहे आणि अमेरिकाही आहे. मजकूर पुढे ढकलणाऱ्यांसाठी मुद्दाम सांगतो: त्या २६ मध्ये भारतही आहे. भारताच्या सहीशिवाय हा बदल लागू होत नाही.

एवढं करूनही बंदी उठत नाही. तिच्या जागी खाणकामाचे नियम ठरवणारी, कायद्याने बांधील अशी व्यवस्था अमलात असेल तरच कलम ७ हटवता येतं. म्हणजे आधी नवा करार करा, मग जुना काढा.

असा करार करायचा प्रयत्न पूर्वी झाला आहे. १९८२ पासून सहा वर्षं वाटाघाटी चालल्या आणि जून १९८८ मध्ये वेलिंग्टनमध्ये खनिज करार तयारही झाला. म्हणजे त्या काळी जग बंदीकडे नव्हे, नियमबद्ध खाणकामाकडे निघालं होतं! पण १९८९ मध्ये ऑस्ट्रेलिया आणि फ्रान्सने सही करायला नकार दिला. अंटार्क्टिकावर दावा सांगणाऱ्या देशांच्या संमतीशिवाय त्याची गाडी पुढे जाणारच नव्हती. सहा वर्षांची मेहनत कपाटात गेली आणि दोन वर्षांत माद्रिदची संपूर्ण बंदी आली.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे कबूल केली पाहिजे, कारण ती सांगितली नाही तर माझं म्हणणंही त्या मजकुरासारखंच अर्धवट होईल. प्रोटोकॉलमधून बाहेर पडायची वाट आहे. १९९१ च्या वाटाघाटींत अमेरिका शेवटच्या घटकेला अडून बसली होती. बंदी उठवायला सगळ्यांचं एकमत लागावं हे तिला नको होतं. त्या तडजोडीतून ही फट आली: परिषदेने बदल मंजूर केला, पण तो तीन वर्षांत लागू झाला नाही, तर कुठलाही देश बाहेर पडण्याची सूचना देऊ शकतो आणि ती दोन वर्षांनी अमलात येते. म्हणजे २०४८ मध्येच परिषद भरली आणि त्याच वर्षी बदल मंजूर झाला असं धरलं, तरी २०५३ उजाडतं. शिवाय बाहेर पडायला आधी परिषदेने बदल मंजूर केलेला असावा लागतो, म्हणजे ते २० देश पुन्हा आलेच.

‘रशियाला तेल सापडलंच आहे’

२०२४ मध्ये ब्रिटिश संसदेच्या एका समितीपुढे हा विषय निघाला आणि ५११ अब्ज बॅरलचा आकडा जगभर फिरला. पण अंटार्क्टिकात कुणी तेलविहीर खणलेली नाही. जहाजावरून ध्वनिलहरी सोडून समुद्रतळाखालच्या थरांचं चित्र काढतात, त्यावरून बांधलेला हा अंदाज आहे. रशिया याला विज्ञान म्हणतो, आणि सर्वेक्षण करणारी सरकारी कंपनी खनिजशोधाचंच काम करते, म्हणून इतरांच्या भुवया उंचावतात. ही शंका मला रास्त वाटते. पण शंका वेगळी, सापडलेलं तेल वेगळं.

‘भारताने तुकडा राखून ठेवावा’

राखता येत नाही. मूळ कराराच्या कलम ४ ने सात देशांचे जुने दावे आहेत तिथेच गोठवले. ते सोडलेले नाहीत, मान्यही केलेले नाहीत, आणि करार लागू असेपर्यंत नवा दावा कुणालाच मांडता येत नाही. आपली गंमत बघा: भारताचं मैत्री हे संशोधन केंद्र ज्या भागात आहे त्यावर नॉर्वेचा दावा, भारती हे दुसरं केंद्र जिथे आहे त्यावर ऑस्ट्रेलियाचा. दोघांपैकी कुणीही आपल्याकडे भाडं मागितलेलं नाही.

तिथे सातबाऱ्यावर नाव चढत नाही, टेबलाशी खुर्ची मिळते, आणि ती संशोधन करून मिळवावी लागते. डॉ. एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखाली पहिली भारतीय मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी अंटार्क्टिकावर उतरली. त्यानंतर सप्टेंबर १९८३ मध्ये भारताला मताधिकार मिळाला. आजही या मोहिमांची सूत्रं वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय संशोधन केंद्रातून हलतात. २०२२ मध्ये संसदेने अंटार्क्टिकासाठी स्वतंत्र कायदा केला, आणि त्या कायद्यानेही तिथल्या खाणकामाला मनाई आहे. म्हणजे जो तुकडा काका राखायला सांगतात, तो खणायला आपलाच कायदा आडवा येईल.

मग काळजी कशाची करायची?

सर्वसंमतीची. इथे जवळजवळ सगळं एकमताने ठरतं, आणि त्याचा फटका चांगल्या कामांनाही बसतो. अपघाताने प्रदूषण झालं तर भरपाई कुणी करायची, हे सांगणारं माद्रिद प्रोटोकॉलचं सहावं परिशिष्ट २००५ मध्ये स्टॉकहोमला मंजूर झालं. पुरेशा देशांची मंजुरी न आल्याने ते अजून लागू नाही. एम्परर पेंग्विनला विशेष संरक्षण द्यायचा प्रस्ताव २०२२ मध्ये बर्लिनच्या बैठकीत चीनने अडवला.

म्हणून वाटाघाटींत मी एकच प्रश्न आधी विचारतो: एकमत झालं नाही तर काय उरतं? माद्रिद प्रोटोकॉलमध्ये उत्तर आहे, बंदी उरते. ज्याला ती मोडायची आहे त्याने सगळ्यांना पटवायचं. शेजारीच रॉस समुद्रात याच्या उलट आहे. तिथलं सुमारे १५.५ लाख चौरस किलोमीटरचं सागरी संरक्षित क्षेत्र २०१६ मध्ये मोठ्या रस्सीखेचीनंतर ठरलं, डिसेंबर २०१७ पासून लागू झालं, आणि तेही ३५ वर्षांसाठीच. २०५२ मध्ये ते पुढे चालू ठेवायला पुन्हा एकमत लागेल, आणि ज्याला ते नको असेल त्याला नुसतं गप्प बसून राहिलं तरी पुरेल. काकांना हेच कळवलंय. त्यांचा अंगठा आलाय, वाचलं की नाही ते अजून समजलेलं नाही.