मेन जेट दोन नंबर मोठा टाकून गाडी सेट होत नाही

इंदुरात बाइकवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरत असतो. मजकूर साधारण असा: "फ्री-फ्लो सायलेन्सर किंवा कोन फिल्टर लावला की मेन जेट दोन नंबर मोठा टाका. जेट मोठा तितकी पॉवर जास्त. सायलेन्सरमधून फटाके फुटले तर अजून एक नंबर वाढवा. एअर स्क्रू दीड टर्न ठेवा. प्लग कॉफी कलरचा दिसला की सेटिंग ओके." मेन जेट म्हणजे कार्बोरेटरमधला (हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागातला) पेट्रोल सोडणारा मुख्य भोकाचा तुकडा. फ्री-फ्लो म्हणजे कमी अडथळ्याचा सायलेन्सर, कोन फिल्टर म्हणजे एअरबॉक्सऐवजी (फिल्टरच्या डब्याऐवजी) लावायचा उघडा, शंकूसारखा फिल्टर. बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम आल्यावर, म्हणजे एप्रिल २०२० नंतर, बहुतेक नव्या गाड्यांना कार्बोरेटरऐवजी इंजेक्शन आलं. त्यामुळे हा सल्ला पाळणारे मुख्यतः आरएक्स १००, जुनी बुलेट, क्लासिक ३५० आणि पल्सरवाले. आणि नुकसानही त्यांचंच होतं.

"मेन जेट दोन नंबर मोठा"

दोन नंबर म्हणजे नक्की किती? कायहिन या कार्बोरेटर कंपनीच्या जेटवरचा आकडा भोकाचा व्यास सांगतो, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. १०० म्हणजे १.०० मिमी. मिकुनी या दुसऱ्या कंपनीच्या षटकोनी जेटवरचा आकडा प्रवाहावरून दिलेला असतो. म्हणून एकाचा ११० आणि दुसऱ्याचा ११० एकच नव्हेत. शिवाय व्यास वाढला की भोकाचं क्षेत्रफळ वर्गाने वाढतं: १०० चा १०५ केला तर सुमारे १० टक्के, ११० केला तर २१ टक्के. दुकानदाराकडे मधले नंबर नसतात आणि तो "हा चालेल" म्हणून ११५ हातात ठेवतो. तिथे वाढ ३२ टक्क्यांवर गेलेली असते.

त्याहून मोठी चूक म्हणजे मेन जेटला सगळ्या रोगांवरचं औषध समजणं. मेन जेटचा खरा अंमल थ्रॉटल पाऊण उघडल्यावर सुरू होतो. बंद ते एक-अष्टमांश पायलट जेट (आयडलचा छोटा जेट) आणि स्क्रू, तिथून पावपर्यंत स्लाइडचा (थ्रॉटल दिला की वर जाणाऱ्या झडपेचा) खालचा तिरपा काप, पाव ते पाऊण नीडल (स्लाइडला लटकलेली निमुळती सुई) आणि ती ज्या नळीत वरखाली होते ती नीडल जेट. हद्दी एकमेकींत मिसळतात, पण ढोबळमानाने हेच. राजवाड्याच्या गर्दीत गाडी झटके खात असेल तर तिथे थ्रॉटल पावाच्या वर जातच नाही. मेन जेट बदलून त्या झटक्यांना काय फरक पडणार?

म्हणून पाना हातात घेण्याआधी ग्रिपवर आणि स्विच हाउसिंगवर मास्किंग टेप लावा. थ्रॉटल पूर्ण बंद आणि पूर्ण उघडा, या दोन्ही जागी खुणा करा आणि मधे पाव, अर्धा, पाऊण आखून घ्या. दोष नेमका कुठल्या खुणेवर येतो ते कळलं की अर्धं काम झालं.

सायलेन्सर आणि फिल्टर यांना एकाच ओळीत बसवणंही चूक आहे. एअरबॉक्स कंपनीचाच ठेवून फक्त सायलेन्सर बदलला तर बऱ्याचदा एक पायरी पुरते, कधी तीही लागत नाही. एअरबॉक्स काढून कोन फिल्टर लावला की मात्र कार्बोरेटरच्या तोंडाशी हवेचं वागणंच बदलतं. क्लासिक ३५० वरच्या बीएस२९ सारख्या व्हॅक्यूमवर चालणाऱ्या कार्बोरेटरमध्ये स्लाइड केबलने नाही, व्हॅक्यूमने वर जाते. कोन फिल्टरचं रबर आत जास्त सरकलं तर तोंडावरची हवेची बारीक छिद्रं झाकली जातात आणि मग मधल्या थ्रॉटलला गाडीचा दम जातो. आधी ते रबर मागे घ्या; तरीही दम जात असेल तर उपाय नीडल उचलण्याचा. तिला बहुधा खाचा नसतात, म्हणून डोक्याखाली अर्ध्या मिलिमीटरचा एक वॉशर घालतात. आरएक्सच्या व्हीएम२० कार्बोरेटरमध्ये नीडलला खाचा असतात: क्लिप एक खाच खाली, तर नीडल वर आणि मिश्रण रिच, म्हणजे पेट्रोल जास्त. एका वेळी एकच बदल. कोन फिल्टर लावल्यावर मिश्रण रिच करावं लागतं, एवढं मेसेजचं म्हणणं मात्र खरं.

"जेट मोठा तितकी पॉवर"

साध्या पेट्रोलवर सर्वाधिक ताकद साधारण साडेबारा ते तेरा भाग हवेला एक भाग पेट्रोल या प्रमाणावर मिळते. त्यापुढे रिच केलं की ताकद उतरते, प्लग काळा पडतो, जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन नेतं आणि रिंगा झिजतात. डिपस्टिकला पेट्रोलचा वास येऊ लागला तर तो याचाच पुरावा.

बोअर किट (मोठा सिलिंडर-पिस्टन) बसवणाऱ्यांनी हे नीट समजून घ्यावं, कारण तिथे अंदाज उलटा पडतो. जेट पेट्रोलची मात्रा ठरवत नाही, हवेशी असलेलं प्रमाण ठरवतो. कार्बोरेटर तोच आणि इंजिन मोठं झालं तर घशातून हवा जोरात जाते, ओढ वाढते आणि पेट्रोलही आपसूक जास्त येतं. म्हणून कधी कधी जुनाच जेट चालून जातो. उलट इंजिन तेच ठेवून मोठा कार्बोरेटर लावला की ओढ मंदावते आणि मोठा जेट लागतो.

"फटाके आले तर अजून एक नंबर"

थ्रॉटल सोडल्यावर सायलेन्सरमध्ये फटफट होते तेव्हा स्लाइड बंद असते, मेन जेट कामातच नसतो. आधी हेडर (इंजिनमधून निघणारा सायलेन्सरचा पाइप) आणि सिलिंडर हेडमधली गॅस्केट बघा. तिथून ताजी हवा आत शिरली की न जळालेलं पेट्रोल पाइपात पेटतं. नंतर इनटेकचं रबर: इंजिन आयडलवर ठेवून कडेने थोडा कार्ब क्लीनर मारा, आरपीएम हलला तर तडा आहे. इंजिन तापलेलं असेल तर जपून, स्प्रे पेट घेतो. हे दोन्ही ठीक असेल तरच पायलटकडे वळा.

"एअर स्क्रू दीड टर्न"

स्क्रू कुठे आहे ते आधी बघा. फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा: आत फिरवला की रिच. आरएक्स आणि जुन्या कास्ट आयर्न बुलेटच्या व्हीएम प्रकारात हाच. इंजिनच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचा: बाहेर फिरवला की रिच. बीएस२९ मध्ये हा. दीड टर्न, म्हणजे स्क्रू पूर्ण आत बसवून मग बाहेर दीड फेरा, ही फक्त सुरुवात आहे. इंजिन चांगलं तापवा, आयडल थोडं चढवा, स्क्रू पाव-पाव फिरवत आरपीएम सर्वांत जास्त जिथे होतो तिथे थांबा, मग आयडल खाली आणा. हवेचा स्क्रू अर्ध्या टर्नच्या आत येऊन थांबला तर पायलट जेट लहान आहे, अडीचच्या बाहेर गेला तर मोठा. पेट्रोलच्या स्क्रूला नेमकं उलट: तीन टर्नच्या बाहेर म्हणजे पायलट लहान.

"प्लग कॉफी कलरचा"

हा नियम शिशाच्या पेट्रोलच्या काळातला. ते भारतात १ फेब्रुवारी २००० पासून बंद झालं. आजच्या पेट्रोलवर व्यवस्थित सेट असलेल्या गाडीचा प्लग फिकट, पांढुरक्याकडे झुकलेला असू शकतो. तो बघून घाबरलेला माणूस जेट वाढवत बसतो. शिवाय सिग्नलवर थांबत, आयडलवर दुकानापर्यंत आणलेल्या गाडीचा प्लग पायलटचा हिशोब सांगतो, मेनचा नाही.

मेन तपासायचा तर खंडवा रोडवर सिमरोल घाटातून इंदूरकडे येतानाची चढण बरी, पहाटे ट्रक विरळ असताना. तिसऱ्या गिअरला पूर्ण थ्रॉटल, वेग मर्यादेत राहतो आणि इंजिनवर भार पुरेसा येतो. तिथून थ्रॉटल किंचित सोडा. गाडी उचल खाल्ल्यासारखी पुढे गेली तर मेन लहान. अडखळली तर मोठा. नुसती सावकाश मंदावली तर योग्य. टू-स्ट्रोकवर ही चाचणी मोठ्या जेटकडून लहानाकडे या. लीनमध्ये, म्हणजे पेट्रोल कमी असताना, पूर्ण थ्रॉटल म्हणजे पिस्टन जाम. ऑटोल्यूब (ऑइल आपोआप सोडणारा पंप) काढून टाकीतच ऑइल मिसळणाऱ्यांनी तर जास्तच जपावं, कारण लहान जेटमधून ऑइलही कमी येतं.

मेसेजमध्ये ई२० चा, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा, उल्लेखच नाही. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो. साध्या पेट्रोलला पूर्ण जळायला १४.७ भाग हवा लागते, ई२० ला साधारण साडेतेरा. म्हणजे काहीही मॉडिफाय न केलेली जुनी गाडीही त्याच जेटवर लीन चालते. हवामानाचंही तसंच. जानेवारीतल्या ८ अंशांच्या पहाटे हवा मे महिन्यातल्या ४२ अंशांच्या दुपारपेक्षा सुमारे १२ टक्के दाट असते आणि मिश्रण त्याच्या निम्म्याने हलतं. थंडीत बसवलेली सेटिंग उन्हाळ्यात रिच वाटली तर त्यात नवल नाही. वडोदऱ्याच्या मित्राने सांगितलेला नंबर इंदुरात मात्र फारसा चुकत नाही: साडेपाचशे मीटर उंचीने मिश्रण अडीच-तीन टक्केच बदलतं.

जेट ड्रिलने मोठा करून देणारे मिस्त्री सगळीकडे आहेत. त्यांना नको म्हणा. आत कड राहते, माप हरवतं आणि पुढे कशाशी ताडून बघायची सोय उरत नाही. शिवणाच्या सुईने साफ करणंही तसंच, कॉम्प्रेसरची हवा पुरते.

एवढं करूनही पाव ते अर्ध्या थ्रॉटलला गाडी रिचच राहत असेल, नीडल सर्वांत खालच्या जागी असूनही, तर जेटचा डबा बंद करा. जुन्या बुलेटमध्ये आणि आरएक्समध्ये नीडल घासून घासून नीडल जेटचं तोंड लांबट झालेलं असतं. उजेडाकडे धरून आरपार बघितलं तर गोलाऐवजी अंडाकृती दिसतं. नीडल आणि नीडल जेट दोन्ही जोडीने बदला, नव्या नळीत जुनी नीडल नको. मेन जेट कंपनीच्या मूळ नंबरवर आणा आणि मगच सायलेन्सरसाठी काय वाढवायचं ते बघा.